‘इक्लेक्टिकली’ मराठी वाक्यात बसवायचं कसं?

अर्धविराम

परीक्षणं, प्रदर्शनांची माहितीपत्रकं, कलाविषयक लेख यांच्या भाषांतरात ‘इक्लेक्टिकली’ हे क्रियाविशेषण सारखं आडवं येतं. अर्थ कळायला अवघड नाही: एकाच शैलीला, पंथाला किंवा स्रोताला बांधून न घेता, अनेक ठिकाणचं हवं ते उचलून. अडतं ते वाक्यात. नमुने देतो.

१. ती इक्लेक्टिकली वाचते.
२. खोली इक्लेक्टिकली सजवली आहे.
३. हा वाद्यवृंद लोकसंगीत, जॅझ आणि रागसंगीत इक्लेक्टिकली वापरतो.
४. ते समुपदेशक इक्लेक्टिकली काम करतात.
५. संपादकांनी संहिता इक्लेक्टिकली सिद्ध केली आहे.

‘निवडकपणे’, ‘संमिश्रपणे’, ‘सर्वसमावेशकपणे’, ‘सरमिसळ करून’ यांपैकी काहीही घातलं तरी वाक्य व्याकरणात बसतं आणि अर्थ निसटतो. पाचही ठिकाणी चालेल असा एक शब्द आहे का? नसेल तर कुठे काय वापरावं?

मुद्रितशोधक

एक शब्द नाही, आणि शोधूही नये. या क्रियाविशेषणात तीन गोष्टी एकदम बसलेल्या आहेत: स्रोत अनेक आहेत, त्यांतून जाणीवपूर्वक निवड केली आहे, आणि निवडलेलं एकत्र नांदतं आहे. आपल्याकडचा प्रत्येक शब्द यातली एक किंवा फार तर दोन गोष्टी सांगतो. त्यामुळे वाक्याला त्यातली कुठली हवी आहे हे आधी ठरवायचं.

तुमच्या चार शब्दांचं काय बिघडतं ते पाहा.

‘निवडकपणे’मध्ये ढीग एकच असतो. त्यातलं काही घेतलं, उरलेलं टाकलं. वर हल्ली त्याला लबाडीचा वास येतो. ‘आकडेवारी निवडकपणे मांडली’ म्हटलं की सोयीची तेवढी मांडली असाच अर्थ वाचक घेतो.

‘संमिश्र’ हा शब्द वर्तमानपत्रांनी ‘संमिश्र प्रतिसाद’ला देऊन टाकला आहे. काही बरं, काही वाईट. ‘खोली संमिश्रपणे सजवली आहे’ हे वाचून अर्धी खोली फसली असावी असं वाटतं.

‘सर्वसमावेशकपणे’ तर थेट उलटा. त्यात कुणालाच वगळायचं नसतं. इथे वगळणं हेच तर काम आहे.

‘सरमिसळ’मध्ये निवड नाही. ती होते, बऱ्याचदा नकळत होते, आणि झाल्याबद्दल तक्रार असते: ‘दोन मुद्द्यांची सरमिसळ झाली आहे.’ टीकाच करायची असेल तर उत्तम शब्द.

चौकटराजा

पहिल्या वाक्यापुरतं बोलायचं तर मराठीत तयार शब्द आहे: चौफेर. ‘ती चौफेर वाचते.’ कुणालाही अडखळायला होत नाही.

मुद्रितशोधक

मान्य, पण अर्धंच. ‘चौफेर’मध्ये आवाका आहे, निवड नाही. चौफेर टीका होते, फलंदाज चौफेर फटकेबाजी करतो. तिथे कुणी वेचत बसत नाही. शिवाय वाचन, लेखन, संचार, टीका, प्रगती अशा पसरणाऱ्या क्रियांनाच तो जोडता येतो. ‘खोली चौफेर सजवली’ म्हणजे चारही भिंती सजवल्या.

काना_मात्रा

आणि निवडीच्या बाजूला ‘चोखंदळपणे’ आहे. तो एकटा घातला तर पारडं दुसरीकडे झुकतं. चोखंदळ वाचक म्हणजे सहजासहजी काही पसंत न पडणारा, म्हणजे वाचन जवळजवळ अरुंद झालं. दोन्ही शेजारी ठेवा:

‘ती चौफेर, पण चोखंदळपणे वाचते.’

मूळ अर्थ पुरा उतरला. मधला ‘पण’ गाळू नका. ‘चौफेर आणि चोखंदळपणे’ लिहिलं तर दोन क्रियाविशेषणांची यादी होते. ‘पण’मुळे एक दुसऱ्याला आवर घालतं.

अर्धविराम

हे छान जमलं. पण खोलीला आणि वाद्यवृंदाला काय? आणि ‘-पणे’ लावून नवा शब्द घडवायला काय हरकत आहे? ‘संग्राहकपणे’, ‘बहुस्रोतपणे’?

काना_मात्रा

घडवता येतो, वाचता येत नाही. ‘-पणे’ हा स्वभाव किंवा रीत सांगणाऱ्या विशेषणाला शोभतो: शांतपणे, उघडपणे, मोकळेपणे. ‘बहुस्रोत’ ही माणसाची किंवा कृतीची वृत्ती नाही, वस्तूचं वर्णन आहे. ‘-रीत्या’ लावून सुटका करून घेण्याची आणखी एक सवय असते: ‘संमिश्ररीत्या’, ‘वैविध्यपूर्णरीत्या’. व्याकरणाने चूक नाही, पण वाक्य सरकारी परिपत्रक होतं. (लावायचाच असेल तर री दीर्घ. ‘रीति’चं संस्कृत तृतीयेचं रूप ‘रीत्या’. ‘-ने’चा अर्थ त्यातच आला, म्हणून ‘रीत्याने’ही नको.)

मराठीत असल्या क्रियाविशेषणाचं काम प्रत्यय करतात. ‘-तून’ने स्रोत सांगायचा, ‘-ऊन’ने निवड, ‘-ने’ने एकत्र येणं:

‘हा वाद्यवृंद लोकसंगीत, जॅझ आणि रागसंगीत यांतून हवं ते वेचून आपलं संगीत बांधतो.’

यात क्रियाविशेषण म्हणून बोट ठेवता येईल असा शब्द नाही. अर्थ मात्र सगळा आहे. मूळ वाक्यातलं ‘वापरतो’ गेलं त्याची खंत नको. ‘इक्लेक्टिकली वापरणे’ या जोडीतलं क्रियापद नुसतं ओझं वाहायला असतं. मराठीत तिथे बांधणे, रचणे, घडवणे असं काम करणारं क्रियापद आणावं.

पानसुपारी

‘-ऊन’ची एक अट विसरू नका, अनुवादात ती पदोपदी मोडलेली दिसते. वेचणारा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच हवा.

‘तिने अनेक शैलींतून वेचून खोली सजवली.’ ठीक. वेचणारी ती, सजवणारी ती.

‘खोली अनेक शैलींतून वेचून सजली आहे.’ इथे खोलीच वेचायला निघाली.

‘अनेक शैलींतून वेचून खोली सजवली आहे.’ हे चालतं. कर्ता लिहिलेला नसला तरी ‘सजवणे’ला तो असतोच आणि तोच वेचणारा ठरतो.

म्हणजे सजणे, घडणे, बनणे, उभे राहणे ही अकर्मक क्रियापदं असतील तर ‘-ऊन’ बाजूला ठेवून नामाला ‘-ने’ किंवा ‘-तून’ लावा: ‘अनेक शैलींच्या मेळाने खोली सजली आहे’, ‘तीन परंपरांच्या मेळातून ही इमारत उभी राहिली.’ ‘मिश्रणाने’पेक्षा ‘मेळाने’ बरं. मिश्रणात घटक विरघळतात. मेळात ते ओळखू येतात आणि तरी पटतं. अशा सजावटीत नेमकं तेच अपेक्षित असतं.

चौकटराजा

सजावटीच्या मजकुरात हे क्रियाविशेषण दोन अगदी वेगळ्या अर्थांनी येतं, त्याकडेही लक्ष असू द्यावं. खरी बहुशैली सजावट हिशेबाने केलेली असते: वेगवेगळ्या काळांतल्या वस्तू, पण रंग दोन-तीनच, किंवा लाकडाची एकच छटा, किंवा एखादा आकार पुन्हा पुन्हा. तो धागा नसेल तर खोली गोदामासारखी दिसते. लेखक त्या हिशेबाचं कौतुक करत असेल तर ‘मेळाने’. ‘कशाला कशाचा पत्ता नाही’ हे सभ्यपणे सांगत असेल (विक्रीच्या माहितीपत्रकात हे फार) तर ‘नाना तऱ्हांनी सजवलेली’ एवढंच लिहावं. मूळ मजकूर जेवढा मोघम, तेवढाच अनुवादही मोघम ठेवणं हा प्रामाणिकपणाच आहे.

मुद्रितशोधक

आता क्रियापद. निवडणे, वेचणे, टिपणे, उचलणे हे चार समानार्थी नाहीत.

निवडणे म्हणजे वेगळं काढणे. धान्य निवडताना खडे काढतो. ढीग समोर एकच असतो. वेचणे म्हणजे विखुरलेलं एकेक उचलून गोळा करणे. फुलं वेचतात, शेण्या वेचतात, सरपण वेचतात. स्रोत अनेक आणि विखुरलेले असल्यामुळे इथे ‘वेचणे’च नेमकं. ‘टिपणे’ला बारीक नजर लागते, म्हणून शब्दकळा, बारकावे, लकबी टिपाव्यात, आख्खी शैली टिपता येत नाही. ‘उचलणे’ जपून वापरा, वाङ्मयात ‘उचललं’ म्हणजे चोरलं.

‘निवडून’चा आणखी एक धोका. ‘वेगवेगळ्या परंपरांतून निवडून आलेल्या रचना’ असं लिहिलं की रचनांनी निवडणूक लढवल्यासारखं वाटतं. ‘निवडून घेतलेल्या’ किंवा सरळ ‘वेचलेल्या’ लिहा.

आणि द्विरुक्ती टाळा. ‘वेचून वेचून’ म्हणजे एकही न सोडता. ‘वेचून वेचून बाहेर काढलं’ हे लोकांबद्दल बोलतात, तेही सूडाच्या भाषेत.

झोळीवाला

‘मधुकरवृत्तीने’ हा शब्द अजून कुणी काढला कसा नाही? मधमाशी या फुलावरून त्या फुलावर जाते, प्रत्येकातलं थोडं घेते, फुलाला इजा करत नाही, आणि शेवटी होतो तो मध. तिन्ही अर्थ एका शब्दात, शिवाय क्रियाविशेषण आयतं. ‘सारग्राही’ हाही आहे, ‘सारग्राही वृत्तीने’ म्हणता येतं.

काना_मात्रा

दोन्ही चांगले, पण वजनदार. ‘त्यांनी मधुकरवृत्तीने ज्ञान मिळवलं’ हे गौरवग्रंथात शोभतं. ‘गायिकेने मधुकरवृत्तीने कपडे निवडले’ हे विनोदी होतं. विद्या, चिंतन, अभ्यास, साधना ही कुंपणं ओलांडू नयेत. आणखी एक म्हणजे या शब्दात आदर अंगचाच आहे. मूळ लेखक तटस्थ असेल तर अनुवादात फुकटची स्तुती शिरते.

‘सारग्राही’त निराळी अडचण आहे. सार घ्यायचं म्हणजे फोलपट टाकायचं. भर निवडीवर राहतो आणि स्रोत एक असला तरी चालतं. एकाच ग्रंथाचं वाचनही सारग्राही असू शकतं. म्हणून त्याच्या आधी ‘अनेक ग्रंथांचं’ वगैरे जोडावंच लागतं.

झोळीवाला

कुंपण मान्य. तरी तत्त्वज्ञानाच्या लेखनात मी ‘मधुकरवृत्तीने’च सुचवेन, कारण मूळ संज्ञा तिथूनच आली आहे. ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘वेचून काढणे’. ग्रीक तत्त्ववेत्त्यांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजेनीस लेअर्शियसने अलेक्झांड्रियाच्या पोटॅमॉन या तत्त्ववेत्त्याचा उल्लेख केला आहे, तो असा पंथ काढणारा म्हणून: प्रत्येक पंथातलं जे पटलं ते घेतलं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तत्त्वज्ञ व्हिक्टर कूझँने (१७९२–१८६७) हेच नाव आपल्या विचारपद्धतीला घेतलं. त्यांच्याविषयी लिहिताना ‘सरमिसळ करून’ म्हटलं तर निकाल आधीच देऊन मोकळे होतो.

गंधारपंचम

तिसऱ्या वाक्याबद्दल. संगीतावर लिहिताना ‘मिश्र’ आणि ‘जोड’ हे शब्द सैल वापरू नका, दोन्ही पारिभाषिक आहेत. मिश्र खमाज, मिश्र पिलू म्हटलं की मूळ राग कायम असतो आणि त्यात इतर रागांच्या स्वरावलींना वाट दिलेली असते. ठुमरी-दादऱ्यात हे नेहमीचं. जोडरागात दोन राग ठरलेल्या सांध्यांवर जुळतात, उदाहरणार्थ बसंत-बहार. रागमालेत राग एकामागून एक येतात, मिसळतच नाहीत. त्यामुळे ‘वाद्यवृंद मिश्र पद्धतीने वाजवतो’ लिहिलंत तर जाणकाराला काहीतरी तिसरंच कळेल.

घराण्यांच्या बाबतीत रुळलेली भाषा क्रियाविशेषणाशिवायच चालते. गायक भास्करबुवा बखल्यांनी (१८६९–१९२२) ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतली. यावर लिहिताना ‘तिन्ही घराण्यांचं घेऊन त्यांनी आपली गायकी घडवली’ हे वाक्य कुठल्याही मैफलीत खपेल. इथे ‘घेणे’ पुरतं. ‘अमक्याचं घेतलं’ म्हणजे शिकून आत्मसात केलं, हे गाणाऱ्यांच्या बोलण्यात गृहीतच असतं.

प्रत्ययही स्रोत पाहून लावा. माणसाकडून: ‘तीन उस्तादांकडून’. परंपरेतून, ग्रंथातून: ‘-तून’. ठिकाणाहून: ‘-हून’. ‘तीन उस्तादांतून घेतलं’ हे कानाला लागतं.

समास

चौथं वाक्य, समुपदेशकांचं. इथे चुकीचा शब्द नुसता खटकत नाही, माहितीच चुकीची देतो. मानसोपचारात ‘इक्लेक्टिक’ आणि ‘इंटिग्रेटिव्ह’ या वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ अर्नॉल्ड लॅझरस यांनी १९६७ मध्ये तांत्रिक इक्लेक्टिसिझमची बाजू मांडली तिचा गाभा असा: वेगवेगळ्या उपचारपद्धतींतली तंत्रं घ्या, त्यासाठी त्यांचे सिद्धांत पत्करायची गरज नाही. इंटिग्रेटिव्हमध्ये सिद्धांतांचाच सांधा जुळवायचा असतो.

तेव्हा ‘समन्वयाने’, ‘एकात्मिक पद्धतीने’ हे शब्द दुसऱ्यासाठी राखून ठेवा. तुमचं वाक्य असं करता येईल: ‘ते समुपदेशक एकाच उपचारपद्धतीला बांधलेले नाहीत, समोरच्याच्या गरजेप्रमाणे वेगवेगळ्या पद्धतींतली तंत्रं वापरतात.’ लांब झालं, पण ‘गरजेप्रमाणे’ हा शब्द तिथे हवाच. निवडीचा निकष सांगितला नाही तर ‘जे आठवेल ते करतात’ असा अर्थ निघतो, आणि या पद्धतीवर नेमका तोच आक्षेप घेतला जातो. जागा कमी असेल तर ‘गरजेप्रमाणे विविध तंत्रं वापरून काम करतात’.

पोथीनिष्ठ

पाचवं वाक्य पाठचिकित्सेचं, म्हणजे हस्तलिखितं ताडून ग्रंथाचा मूळ मजकूर ठरवण्याच्या कामाचं आहे, तिथेही अर्थ ठरलेला आहे. एकच हस्तलिखित प्रमाण मानून ते छापायचं, ही एक रीत. दुसरीत प्रत्येक ठिकाणी उपलब्ध हस्तलिखितांतले पाठ (त्या त्या जागचे वेगवेगळे शब्द) समोर ठेवून त्यातला ग्राह्य पाठ घ्यायचा. मग सिद्ध झालेली संहिता जशीच्या तशी कुठल्याच एका पोथीत सापडत नाही. या दुसरीला ‘इक्लेक्टिक’ म्हणतात.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती हे जवळचं उदाहरण. काम १९१९ मध्ये सुरू झालं, १९६६ मध्ये पुरं झालं. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुखठणकरांनी पद्धत घालून दिली. निरनिराळ्या लिपींतल्या आणि प्रांतांतल्या हस्तलिखितांचे गट पाडून, त्यांचं परस्परांशी नातं ठरवून पाठ निवडले. शारदा लिपीतल्या काश्मिरी हस्तलिखितांच्या परंपरेला वजन दिलं, पण एकटीवर भिस्त ठेवली नाही.

अशा कामाला ‘इकडून तिकडून वेचून’ म्हणणं म्हणजे अन्यायच. ‘संपादकांनी अनेक हस्तलिखितांतले पाठ ताडून संहिता सिद्ध केली आहे.’ ‘ताडून’मध्ये तुलनाही आली आणि निवडही. ‘पाठागणिक निवड करून’ हे त्याहून काटेकोर, विद्वानांसाठीच्या लेखात ते वापरा.

अर्धविराम

‘ताडून’ डोक्यात आलंच नव्हतं. आणखी एक शंका, नकाराची. ‘तो अनेक ठिकाणांहून वेचून लिहीत नाही’ हे वाक्य बरोबर आहे का? वाचताना डगमगतं.

पानसुपारी

डगमगणारच. ‘-ऊन’वालं पद आणि ‘नाही’ एका वाक्यात आले की नकार कुणाला लागला ते कळत नाही. तो लिहीतच नाही, की लिहितो पण वेचत नाही? दोन रस्ते आहेत. नकार वेचण्यावर बसवायचा असेल तर ‘न वेचता’: ‘तो चार ठिकाणचं न वेचता एकाच ग्रंथाच्या आधारे लिहितो.’ विरोध ठसवायचा असेल तर ‘नव्हे’: ‘तो चार ठिकाणचं वेचून नव्हे, एकाच ग्रंथाच्या आधारे लिहितो.’

जागेचंही तसंच. असं पद क्रियापदाला जितकं लगटून ठेवाल तितकं सुरक्षित. ‘चौफेर तिने वाचलेल्या पुस्तकांवर लेख लिहिला’ यात चौफेर काय ते देव जाणे. ‘तिने चौफेर वाचलेल्या’ की ‘चौफेर लेख’?

चौकटराजा

टिंगलीचे शब्द राहिले. मूळ लेखक नाक मुरडत असेल तर ‘भेसळ’ नको. तिथे फसवणुकीचा आरोप आहे. ‘खिचडी’ बोलण्यात ठीक, छापील परीक्षणात उथळ वाटते. ‘इकडचं तिकडचं घेऊन’ यात तुच्छता हवी तेवढीच भरते. ‘गोधडी’ मात्र टीका म्हणून वापरू नका. अलीकडे तो शब्द कौतुकानेही येतो, वाचक गोंधळतो.

अर्धविराम

सगळ्यांचं घेऊन मसुदा केला आहे:

१. ती चौफेर, पण चोखंदळपणे वाचते.
२. अनेक शैलीतून वेचून खोली सजवली आहे.
३. हा वाद्यवृंद लोकसंगीत, जॅझ आणि रागसंगीत यातून हवं ते वेचून आपलं संगीत बांधतो.
४. ते समुपदेशक गरजेप्रमाणे विविध तंत्रं वापरून काम करतात.
५. संपादकांनी अनेक हस्तलिखितातले पाठ ताडून संहिता सिद्ध केली आहे.

मुद्रितशोधक

दुसरं, तिसरं आणि पाचवं परत तपासा. ‘शैलीतून’ एकवचन, ‘शैलींतून’ अनेकवचन. ‘यातून’ आणि ‘यांतून’, ‘हस्तलिखितातले’ आणि ‘हस्तलिखितांतले’ तसंच. अनुस्वार गेला की स्रोत एकच उरतो, आणि इथे तर अनेकपणा सांगायचं बरंचसं काम तो अनुस्वारच करतो. मागे ‘अनेक’ असेल तर वाचक सावरून घेतो. पण ‘शैलीतून वेचून’ आणि ‘शैलींतून वेचून’ यात सावरायला काहीच नसतं. बोलताना दोन्ही जवळजवळ सारखे ऐकू येतात, म्हणून टंकताना हटकून सुटतो आणि शुद्धलेखन तपासनिसालाही सापडत नाही, कारण दोन्ही रूपं शुद्धच आहेत.

पानसुपारी

आणि दुसऱ्यात शैलींतून वेचलं काय, ते लिहा. ‘अनेक शैलींतून वस्तू वेचून’ किंवा ‘अनेक शैलींतलं हवं ते वेचून’. वेचणे सकर्मक आहे, कर्म गाळलं की वाक्य अधांतरी राहतं. वरच्या माझ्या उदाहरणांतही ते भरून वाचा.

समास

चौथ्यातलं ‘विविध’ काढून ‘वेगवेगळ्या पद्धतींतली’ घाला. तंत्रं विविध आहेत हे सांगायचं नाही, ती वेगवेगळ्या पद्धतींतून आली आहेत हे सांगायचं आहे. एकाच पद्धतीतही विविध तंत्रं असतातच.